बाळाचं पाऊल जन्मतः आत वळलेलं असेल तर : प्लास्टर दीड-दोन महिने, बूट चार वर्षे

बीड : ग्रामीण भागातल्या काही घरांत खुंटीला एक वेगळीच वस्तू अडकवलेली दिसते. दोन छोटे बूट आणि त्यांना जोडणारी एक आडवी पट्टी. विचारलं तर घरचे सांगतात, "पाय सरळ झाला, आता कशाला लागतंय?" बाळ तेव्हा सात-आठ महिन्यांचं असतं आणि पाय खरोखरच सरळ दिसत असतो. पुढे तेच पोर चालायला लागलं की हळूहळू टाच उचलतं, पाऊल आत घेतं आणि मग पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालायला लागतं. तेव्हा घरचे म्हणतात, उपचाराचा काही उपयोग झाला नाही. उपचार बरोबरच होता. तो खुंटीला अडकला.

या आजाराला डॉक्टर क्लबफूट म्हणतात. दवाखान्याच्या कागदावर सी.टी.ई.व्ही. असं लिहिलेलं असतं. साधारण हजार बाळांमागे एका-दोघांना हा दोष असतो. मुलींपेक्षा मुलांत दुप्पट आढळतो आणि निम्म्या बाळांचे दोन्ही पाय वळलेले असतात. म्हणजे हे काही जगावेगळं नाही. दहा-बारा मोठी गावं फिरली तर असं एखादं बाळ, नाहीतर उपचार न झालेला एखादा मोठा माणूस भेटतोच.

ओळखायचं कसं

पाऊल आत आणि खाली वळलेलं असतं, तळवा समोरच्या पायाकडे बघतो. टाच वर ओढलेली आणि लहान असते. तळव्याच्या मध्यावर किंवा टाचेमागे खोल घडी पडलेली दिसते. पोटरी थोडी बारीक असते. पोटात अवघडून बसल्यामुळेही काही बाळांचं पाऊल वाकडं दिसतं, पण ते हलक्या हाताने सरळ होतं. त्याला फार काही करावं लागत नाही. क्लबफूटचं पाऊल ताठ असतं, हाताने पूर्ण सरळ होत नाही. तरीही हे घरी ठरवायचं काम नाही. डॉक्टर पावलाबरोबर बाळाची पाठ आणि खुबेही बघतात, कारण थोड्या बाळांमध्ये पाठीच्या कण्याचा किंवा दुसरा दोष सोबत असू शकतो. बहुतेक बाळं मात्र बाकी सगळ्या बाबतीत ठणठणीत असतात. पाय वाकडा म्हणून डोक्याने कमी, असं काही नसतं.

पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत हा दोष कधी दिसतो, कधी दिसत नाही. दिसला म्हणून घाबरून जायचं कारण नाही. पोटात असताना त्याला उपचार नाही आणि जन्मानंतर चांगला उपचार आहे.

बाळाला त्या पायाने काही दुखत नाही. घोळ इथेच होतो. दुखत नाही, रडत नाही, म्हणून घरचे थांबतात. त्रास सुरू होतो तो चालायला लागल्यावर. पावलाच्या वरच्या आणि बाहेरच्या बाजूवर वजन पडतं, तिथे घट्टे पडतात, चप्पल बसत नाही, लांब चालवत नाही, आणि मोठेपणी रोजच्या कामात दुखणं पाठ सोडत नाही.

ग्रहण, विळी आणि सून

गरोदरपणात ग्रहण पाळलं नाही, विळीवर भाजी चिरली, उंबऱ्यावर बसली, म्हणून बाळ असं झालं, हे आजही गावोगाव ऐकायला मिळतं. याला काही आधार नाही. बहुतेक बाळांत नेमकं कारण सापडत नाही. घरात आधी कुणाला असेल तर शक्यता थोडी वाढते, आणि ते आईकडून असेल तसं बापाकडूनही असू शकतं. बाळंतिणीने काही केलं किंवा केलं नाही म्हणून पाऊल वळत नाही. हे सासूबाईंना डॉक्टरांच्या तोंडून ऐकवलेलं बरं. पहिल्या भेटीला आजीला सोबत न्यावं असं सुचवायचं कारणही तेच. पुढची चार वर्षं त्या बाळाचे बूट घालण्या-काढण्यात आजीचा हात सगळ्यात जास्त असतो. तिला पटलं तर निम्मं काम झालं.

मुलगी असेल तर आणखी एक गोष्ट होते. लग्नाच्या वेळी बोभाटा नको म्हणून पाय दुपट्यात झाकून ठेवतात, बारशालाही बायकांना दाखवत नाहीत. झाकल्याने पाय सरळ होत नाही. वेळेत नेलं तर लग्नाच्या वयात सांगितल्याशिवाय कुणाला कळणारही नाही, इतका पाय सुधारू शकतो.

उपचार कुठे, किती दिवसांत

जन्मानंतर पहिल्या एक-दोन आठवड्यांत सुरुवात झाली तर उत्तम. पण आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नाही. शेक-शेगडी झाल्यावर बघू, असं म्हणता म्हणता दोन महिने जातात. मोठ्या शस्त्रक्रियेसारखी रातोरात धावपळ करायची गरज नाही हे खरं, तरी सव्वा महिन्याची वाट बघायचीही गरज नाही. नवजात बाळाचे सांध्यांचे बंध मऊ असतात, पावलातली हाडं बरीचशी कूर्चेची असतात, ती वळवली की वळतात. दिवस जातील तसं काम वाढतं. उशीर झालाच असेल तर मात्र "आता काय उपयोग" म्हणून घरी बसू नये. चालायला लागलेल्या मुलांनाही याच पद्धतीने फरक पडतो. प्लास्टर जास्त लागतात इतकंच.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघरमधून सुरू झाला. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचा उपचार मोफत, असा हा कार्यक्रम आहे आणि त्याच्या यादीत क्लबफूट आहे. प्रसूती सरकारी दवाखान्यात झाली असेल तर तिथेच बाळाची डोक्यापासून पायापर्यंत तपासणी व्हायला हवी. आशाताई बाळ ४२ दिवसांचं होईपर्यंत ठरलेल्या दिवशी घरी येतात. त्यांना पाऊल उघडून दाखवावं. पुढे अंगणवाडीत वर्षातून दोनदा डॉक्टरांचं पथक येतं. पण पथकाची वाट बघत बसण्यापेक्षा आशाताईंकडून किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन थेट जिल्हा रुग्णालय गाठावं. तिथे बालकांसाठीचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र, म्हणजे लोकांच्या तोंडातलं डी.ई.आय.सी., विचारावं. क्लबफूटचं प्लास्टर कोणत्या वारी घालतात तेही विचारून घ्यावं, कारण बऱ्याच ठिकाणी त्यासाठी आठवड्यातला एक दिवस ठरलेला असतो आणि चुकीच्या दिवशी गेलं की हेलपाटा पडतो. १०४ या आरोग्य हेल्पलाइनवरही चौकशी करता येते. एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी दवाखान्यात नेण्या-आणण्यासाठी १०२ च्या गाडीची सोय आहे. ती मिळते का, हे आशाताईंकडून आधी विचारून ठेवावं.

प्लास्टरचे आठवडे

जगभर आता जी पद्धत वापरतात तिला पॉन्सेटी पद्धत म्हणतात. स्पेनमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात काम केलेले डॉ. इग्नासिओ पॉन्सेटी यांनी ती बसवली. त्यांचा जन्मदिवस ३ जून हा जागतिक क्लबफूट दिन म्हणून पाळतात. त्याआधी अशा बाळांच्या पायावर मोठी शस्त्रक्रिया करायचे. पाऊल सरळ व्हायचं, पण मोठेपणी ताठ आणि दुखरं राहायचं. पॉन्सेटी पद्धतीत डॉक्टर हलक्या हाताने पाऊल थोडं वळवतात आणि तेवढ्यावर प्लास्टर घालतात. आठवड्याने ते काढून आणखी थोडं वळवतात. असे साधारण पाच ते सात प्लास्टर लागतात.

हे प्लास्टर बोटांपासून मांडीपर्यंत असतं आणि गुडघा वाकवलेला असतो. कुणी गुडघ्याच्या खालीच प्लास्टर घालत असेल तर विचारावं, कारण तेवढं प्लास्टर घसरतं आणि वळवलेलं पाऊल धरून ठेवत नाही. विचारायला लाजू नये.

जाताना बाळाला थोडं भुकेलं न्यावं. प्लास्टर चालू असताना पाजलं की ते शांत राहतं आणि डॉक्टरांना पाऊल नीट धरता येतं. वेळ वाचावा म्हणून काही जण आदल्या रात्री घरीच प्लास्टर भिजवून काढतात आणि सकाळी मोकळा पाय घेऊन येतात. असं करू नये. रात्रभरात पाऊल परत ओढलं जातं आणि आठवड्याची कमाई कमी होते. प्लास्टर दवाखान्यात काढून लगेच दुसरं घालायचं असतं.

घरी आल्यावर बोटांवर लक्ष ठेवायचं. बोट दाबलं की पांढरं पडतं आणि सोडल्यावर लगेच गुलाबी होतं, तर रक्तपुरवठा ठीक आहे. बोटं निळी, काळपट किंवा गार पडली, सुजली, तर रात्र असली तरी दवाखान्यात जायचं. कालपर्यंत दिसणारी बोटं आज आत गेल्यासारखी वाटली तर प्लास्टर घसरलं आहे. तेही त्याच दिवशी दाखवायचं, पुढच्या वारापर्यंत थांबायचं नाही. घाण वास, ताप, किंवा बाळ कशानेही न थांबता रडत असेल तरीही तेच.

प्लास्टर असेपर्यंत टबातली अंघोळ बंद. ओल्या फडक्याने अंग पुसून घ्यायचं. लंगोट वरचेवर बदलायचा, कारण लघवी वरच्या कडेतून आत मुरते आणि मांडी सोलपटते. परवडत असेल तर हे दीड-दोन महिने विकतचा डायपर बरा, आणि तो प्लास्टरच्या कडेच्या वर बसवायचा. प्लास्टरच्या आत पावडर, तेल काही घालायचं नाही. मालिशवाली मावशी हात, पाठ, छाती चोळू दे, पायाला हात लावायचा नाही. "मी चोळून चोळून सरळ करते" असं म्हणणाऱ्या मावश्या अजूनही आहेत. ओढून-ताणून हा पाय सरळ होत नाही, उलट कोवळ्या हाडांना इजा होते. शेगडी, धुरी यांपासूनही प्लास्टरचा पाय लांब ठेवावा. आतली उष्णता बाळाला सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या लसींची काही इंजेक्शनं मांडीत देतात आणि मांडी तर प्लास्टरखाली असते. म्हणून कुणी लसच चुकवतं. चुकवू नये. एकच पाय प्लास्टरमध्ये असेल तर दुसऱ्या मांडीत देता येते. दोन्ही असतील तर प्लास्टर बदलण्याच्या दिवसाशी लस जोडून घ्यायची आणि सिस्टरना आधी कल्पना द्यायची.

"नस कापणार" म्हणून पळून जाणारे

प्लास्टर संपत आले की पाऊल बाजूने सरळ होतं, पण टाच बहुधा अजून वरच ओढलेली असते. दहापैकी आठ-नऊ बाळांना तेव्हा टाचेमागची दोरी, म्हणजे कंडरा, छोट्या छेदाने मोकळी करावी लागते. बहुतेक वेळा जागा बधिर करून काही मिनिटांत काम होतं, सहसा टाकाही लागत नाही. मग तीन आठवड्यांचं शेवटचं प्लास्टर घालतात. तेवढ्या दिवसांत ती दोरी वाढीव लांबीवर पुन्हा जुळून येते.

डॉक्टर हे समजावून सांगतात, पण वऱ्हांड्यात बसलेल्या माणसांपर्यंत एकच शब्द पोहोचतो : नस कापणार. आणि प्लास्टरवरच बरं झालं म्हणत काही घरं इथून परत जातात. ही रक्ताची नस नाही आणि संवेदनेची शीरही नाही. टाच खाली आली नाही तर बूट नीट बसत नाही, आणि बूट बसला नाही तर आधीचे सहा प्लास्टर वाया. नंतर टाचेपाशी प्लास्टरवर रक्ताचा छोटा डाग दिसला तर घाबरू नये. डाग पसरत गेला तर दाखवावं.

बूट

शेवटचं प्लास्टर निघालं की त्याच दिवशी बूट चढले पाहिजेत. दोन बूट, मध्ये बाळाच्या खांद्याएवढ्या रुंदीची पट्टी. एकच पाय वाकडा असला तरी बूट दोन्ही पायांत असतात. वाकडं असलेलं पाऊल बाहेरच्या बाजूला ६० ते ७० अंशांवर आणि चांगलं पाऊल ३० ते ४० अंशांवर बसवतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, पाय उलटे बांधले. ते तसेच असायला हवेत. पट्टीचे स्क्रू घरी फिरवायचे नाहीत.

पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास. एक तास अंघोळ आणि मोकळे पाय हलवायला. त्यानंतर रात्रीची झोप आणि दुपारची झोप मिळून १२ ते १४ तास, ते मूल चार-पाच वर्षांचं होईपर्यंत. पॉन्सेटी पद्धतीच्या मार्गदर्शिकेत दिलेला आकडा घरातल्या सगळ्यांनी ऐकावा असा आहे : बूट नियमित वापरणाऱ्यांत दोष परत येण्याचं प्रमाण ६ टक्के, न वापरणाऱ्यांत ८० टक्क्यांहून अधिक. वाकडं करणारी ओढ पायात अजून असते. मूल वाढतं तशी तीही काम करते. बूट तिला धरून ठेवतात.

पहिल्या दोन-तीन रात्री कठीण जातात. बाळ रडतं, कारण त्याला एक पाय एकटा हलवता येत नाही. त्याला दोन्ही पाय एकदम हलवायला शिकवायचं असतं. पट्टीला धरून दोन्ही गुडघे एकत्र वाकवायचे, सरळ करायचे, हसवत खेळवायचं. दोन-चार दिवसांत ते स्वतःच पट्टीसकट पाय आपटायला लागतं. पण या दोन-चार दिवसांतच घरातलं कुणीतरी विरघळतं आणि बूट काढून टाकतं. बाळालाही कळतं की रडलं की सुटका होते. मग ते रोजचंच होतं.

रडणं वेगळं आणि टोचणं वेगळं. पहिल्या आठवड्यात दिवसातून चार-पाच वेळा बूट काढून कातडी बघावी. थोडी लाली काही वेळात जाते. टाचेवर फोड, गडद लाल चट्टा दिसला तर बूट ढिला आहे आणि पाऊल आत घासतंय, असं बहुधा असतं. अशा वेळी लोक पट्टा आणखी सैल करतात, आणि जखम वाढते. सुती मोजा घालून टाच पूर्ण खाली टेकवायची, मग घोट्यावरचा मधला पट्टा आधी आणि पक्का आवळायचा. टाचेजवळच्या भोकातून टाच दिसते का ते बघायचं. चट्ट्यावर तेल, क्रीम लावू नये, कातडी अजून मऊ पडते. फोड असेल तर दवाखाना.

झोळीत मात्र या बुटांचं जमत नाही. साडीच्या झोळीत पट्टी आडवी अडकते आणि गुडघे एकमेकांकडे दाबले जातात. सपाट अंथरूण किंवा रुंद पाळणा बरा. पट्टीला जुन्या कापडाची घडी गुंडाळावी, नाहीतर शेजारी झोपणाऱ्या आईच्या पोटाला आणि बाळाच्या कपाळाला ती लागते. दुपारी अंगणवाडीत झोपणारं मूल असेल तर बूट सोबत द्यावेत आणि ताईंना एकदा घालून दाखवावेत.

माहेर, सासर आणि फड

पहिलं बाळंतपण माहेरी होतं. प्लास्टर माहेरच्या जिल्ह्यात, आणि बूट चालू झाले की बाळ-बाळंतीण सासरी. इथे साखळी तुटते. माहेरची फाइल माहेरीच राहते, सासरी कुणाला बुटाचं माप माहीत नसतं. निघण्याआधी फाइल, पावलाचे फोटो आणि बुटाचा नंबर मोबाइलमध्ये घ्यावा, आणि सासरच्या जिल्हा रुग्णालयासाठी चिठ्ठी मागून घ्यावी.

ऊसतोडीची गोष्ट याहून अवघड. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर, आष्टी भागातून दिवाळीच्या आसपास कुटुंबं उचल घेऊन निघतात आणि चैत्रापर्यंत परततात. पाच-सहा महिने बाळ कोपीवर. आई पहाटे अंधारात फडात. बूट गावी राहिले तर हंगाम संपेपर्यंत पाय परत वळायला लागलेला असतो. पण तीन महिन्यांचा २३ तासांचा टप्पा ओलांडलेला असेल तर हे जमण्यासारखं आहे, कारण बूट झोपेतच घालायचे असतात आणि झोप कोपीवरही होते. निघण्याआधी दवाखान्यात जाऊन सांगावं, आम्ही अमुक महिन्यात जाणार. पाऊल वाढून बूट लहान होणार असतील तर पुढच्या मापाची सोय विचारावी. हा कार्यक्रम देशभर आहे, त्यामुळे सांगली, कोल्हापूर, साताऱ्यातच काय, कर्नाटकातही सरकारी दवाखान्यात कागद दाखवून मदत मागता येते. प्लास्टर मात्र चालू असेल तर त्या हंगामात आई-बाळाने मागे राहणंच बरं. उचल फेडायची असताना हे सांगणं सोपं नाही, पण दर आठवड्याला प्लास्टर बदलायला फडावरून कुणी येऊ शकत नाही.

पुढे काय बघायचं

बोटं बुटाच्या पुढे येऊन वळायला लागली की माप बदलायचं. बूट चालू झाल्यावर दोन आठवड्यांनी, मग तीन महिन्यांनी, त्यानंतर तीन वर्षांपर्यंत दर चार महिन्यांनी दाखवायचं असतं. दिवसा मूल अनवाणी किंवा साध्या चपलेत खेळलं तरी चालतं, वेगळे महागडे बूट लागत नाहीत. चालायला महिना-दोन महिने उशीर झाला तर काळजी नको. तो पाय दुसऱ्यापेक्षा थोडा लहान आणि पोटरी थोडी बारीक राहील, ते आयुष्यभर राहतं आणि त्याने काही अडत नाही. अमेरिकेची फुटबॉलपटू मिया हॅम क्लबफूट घेऊनच जन्मली होती.

दोष परत येत असेल तर पहिली खूण टाचेत दिसते. मूल चालायला लागल्यावर अधूनमधून त्याला उकिडवं बसवून बघावं. दोन्ही टाचा जमिनीला टेकल्या तर ठीक. एक टाच वर राहत असेल, किंवा चालताना पाऊल आत पडत असेल, तर लगेच न्यावं. अशा वेळी दोन-तीन प्लास्टरमध्ये पाय पुन्हा जागेवर येऊ शकतो. अडीच-तीन वर्षांनंतरही पाऊल ओढतच राहिलं तर कंडरेची जागा बदलण्याची छोटी शस्त्रक्रिया करतात. बूट बंद केले होते हे डॉक्टरांपासून लपवू नये. किती दिवस बंद होते ते खरं सांगितलं तरच पुढचं ठरवता येतं.